जोडणी तुटली आहे, कळावे

वाचनालयातली संगणकाची सगळी कामं बबडीकडे होती. बबडी हे अर्थात घरचं नाव. वाचनालयात तिला मॅडम म्हणत. एखाद्या पुस्तकासाठी ज्यांनी नंबर लावलाय त्यांना ‘तुमचं पुस्तक आलं’ असा मेल रोज सकाळी आपोआप जायचा. बबडीनेच लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट डेटाबेसमधून नावं उचलायची आणि मेल धाडायची.

एका आठवड्यात मात्र काउंटरवर चिटपाखरू फिरकेना. राखून ठेवलेली पुस्तकं कपाटात मावेनाशी झाली, तेव्हा तिला शंका आली. पाहते तर काय, डेटाबेसशी जोडणीच होत नव्हती, आणि स्क्रिप्ट ब्र न काढता रोज मुकाट परत फिरत होती. ग्रंथपालबाई रागावल्या नाहीत. पुन्हा असं झालं तर निदान कुणाला तरी कळू दे, एवढंच म्हणाल्या.

बबडीने त्याच दुपारी सोय केली. जोडणी झाली नाही की स्क्रिप्टने तिला ताबडतोब मेल करायचा. करून बघावं म्हणून तिने डेटाबेस मुद्दाम बंद केला आणि वाट बघत बसली. मेल काही येईना. स्क्रिप्ट पुन्हापुन्हा वाचली, सगळं बरोबर. मग एकदम तिला हसूच फुटलं. मेल कुणाला पाठवायचा तो पत्ता तिने ठेवला होता त्याच डेटाबेसमध्ये. किल्ली आत ठेवून कुलूप लावण्यातलाच प्रकार.

तिने आपला पत्ता थेट स्क्रिप्टमध्ये लिहिला. पण बैठकीत तिचा फोन बंद असे, म्हणून जोडीला आणखी कुणीतरी हवं होतं. आलेला मेल हमखास वाचणारा माणूस तिच्या माहितीत एकच होता: तिचे वडील. निवृत्त झाल्यापासून नानांना जाहिरातींखेरीज कुणी मेल करत नसे, आणि त्या जाहिरातीही ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. असा मेल आला तर मला फोन करा, नाहीतर काउंटरवर करा, असं तिने त्यांना समजावलं. नानांनी मोठी जोखीम पत्करल्यासारखी मान डोलावली.

पुढे बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी कार्यकारिणीची बैठक ऐन रंगात आली असताना दार उघडलं आणि नाना आत आले. धाप लागलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. लेकीचा फोन बंद, काउंटरचा सारखा व्यस्त. शेवटी ते स्वतःच निघाले होते.

“बबडे, जोडणी तुटली,” ते म्हणाले. मग भोवतालची मंडळी दिसताच त्यांनी हात जोडले. “नमस्कार. तुमचं चालू द्या.”

अख्खी बैठक हसून लोटपोट झाली. मॅडमची बबडी झाली ती झालीच. ती लाजून लाल होत उठली, पण तिलाही हसू आवरत नव्हतं. झाडलोट करताना कुणाच्या तरी हातून एक तार सैल झाली होती. ती नीट बसवून तिने स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि दुपारपर्यंत काउंटरवर वाचकांची रीघ लागली. ग्रंथपालबाईंनी नानांना आपल्या खुर्चीत बसवून चहा दिला. तेवढ्यात, स्क्रिप्टचे मेल ज्या पत्त्यावरून जात त्या कार्यालयाच्या पत्त्यावर एक मेल सापडला. नानांनी निघण्यापूर्वी स्क्रिप्टला उत्तर पाठवलं होतं: ‘आपला मेल मिळाला. काळजी नसावी. मी जातीने येत आहे.’ तो सगळ्यांनी मोठ्याने वाचला.

घरी परतताना नानांची एकच तक्रार होती.

“तुझा तो मेल फार तुसडा आहे. ना नमस्कार, ना चमत्कार, एकदम ‘कनेक्शन फेल्ड’. माणूस दचकतो.”

“मग तुम्हीच लिहा,” बबडी म्हणाली.

नानांनी अख्खी संध्याकाळ त्यात घातली. आता जोडणी तुटली की वाचनालयातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल येतो: ‘सप्रेम नमस्कार. डेटाबेसशी जोडणी होऊ शकली नाही. घाबरून जाऊ नये, पण सवडीनेही घेऊ नये. कळावे.’ खाली नाव नानांचं. तेवढं मात्र ग्रंथपालबाईंनी आग्रहाने घालायला लावलं.