मेलेल्या गुणाजीचा नमस्कार

पेणच्या त्या मंगल कार्यालयात लग्नाला जमते त्याहून जास्त गर्दी होती, आणि जेवण नसूनही कोणी उठत नव्हतं. दर गुरुवारी करकमलानंद महाराज इथे मेलेल्यांना बोलवत. मोठ्या पडद्यावर मयताचा चेहरा उगवे, खाली धड, दोन हात. दहाही बोटं जिवंत माणसासारखी हलत. नातेवाइकांनी प्रश्न विचारायचा. मयताने आशीर्वादाला हात उचलला की 'होय', पंजा हलवला की 'नाही'. मेलेले बोलत का नाहीत, असं एकाने विचारलं होतं. "मौन ही मृत्यूची मातृभाषा!" महाराज म्हणाले, आणि विचारणारा रडला.

रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी नम्रता मागच्या रांगेत आईशेजारी बसली होती. आपली आई इथे येते, हे तिला कालच कळलं होतं. आईच्या, बायजाबाईच्या, छातीत गाठ होती. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा. पण वडखळजवळच्या मिठागरात जन्म काढून गेल्या वर्षी वारलेल्या तिच्या नवऱ्याने, गुणाजीने, पडद्यावरून पंजा हलवला. तीन महिने बायजाबाई त्याच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. तो हयात असताना त्याचं एक ऐकलं नव्हतं, ते आता भरून काढत होती.

"आये, उद्या पनवेलला डॉक्टरकडे जायचंच."

"गप गो! तुझा बा सांगल तसा."

गुणाजी उगवला. चेहरा आधार कार्डावरचा, त्यामुळे मेल्यावरही घाबरलेला.

नम्रता उठली. "महाराज, आमचे बाबा हात जोडल्याशिवाय मिठागरात पाय टाकत नसत. इथे समोर देवाची तसबीर आहे. एकदा हात जोडू देत त्यांना."

"देह सुटला, उपचार सुटले, बाई! आत्मा कोणापुढे वाकत नाही!"

हे मात्र बायजाबाईला लागलं. "असा कसा? मिठाला हात जोडनारा मानूस देवाला नाय जोडनार? जोडा हो! लोक बघतात ना!"

"जोडा, जोडा!" सभागृह ओरडलं. महाराज मान वळवून गळ्यातल्या हारात काहीतरी पुटपुटले.

गुणाजीने हात जवळ आणले. तळवे टेकले मात्र, उजवा हात नाहीसा झाला. डावा उलटा फिरून हनुवटीतून आरपार गेला आणि कोपरातून बोटं फुटली.

नम्रताने पुढे जाऊन व्यासपीठामागचा कापडी पडदा ओढला. आत खुर्चीवर धनेश नावाचा शिष्य, कानात इअरफोन, एका काळ्या डबीवर हात जोडून बसलेला. ती डबी वर धरलेल्या हातांची बोटं टिपायची आणि पडद्यावरचा बाहुला तशीच बोटं हलवायचा. तळवे चिकटले की एक हात दुसऱ्याला झाकतो, मग डबी अंदाज बांधते. आशीर्वादाची तालीम रोज झाली होती, नमस्काराची एकदाही नाही. महाराजांच्या दरबारात हात जोडायचे ते समोरच्यांनी!

बायजाबाई धनेशपुढे उभी राहिली. "कापून घेव नको, असा तूच सांगितलास?"

"आजी, मला प्रश्न ऐकूच येत नाय. कानात फक्त महाराज, हारातल्या माइकमधून. 'अलख' म्हटलं की आशीर्वाद, 'निरंजन' म्हटलं की पंजा."

"मग त्यान् नाय का म्हटलान?"

"होय म्हटलं की मानूस पुन्हा येत नाय," धनेश प्रामाणिकपणे म्हणाला.

महाराज तोवर भटारखान्याच्या दाराने गेले होते.

पनवेलच्या डॉक्टरांनी नवे रिपोर्ट पाहिले आणि नम्रताला बाहेर बोलावलं. गाठ काखेत आणि पुढे यकृतात उतरली होती. तीन महिन्यांपूर्वी ऑपरेशनने काम झालं असतं, आता ऑपरेशनात अर्थ नव्हता. आत बायजाबाई नर्सला सांगत होती, "लवकर कापा. आता मना कोनाला इचारायचा नाय."

महाराजांचा दरबार हल्ली रोह्यात भरतो. गर्दी चांगली असते. दारावर पाटी आहे: 'मृतात्म्यांस नमस्कार करण्याचा आग्रह धरू नये.'

डबी खोटी नाही. ती निर्जीव आहे, समोर जे हात येतील ते दाखवते. विचार करायचं काम तिचं नाही, आपलं आहे. गेलेल्या माणसासाठी रडावं, पोटभर रडावं. पण दुखणं डॉक्टरला दाखवावं, आणि त्याच आठवड्यात दाखवावं. गाठ कोणाच्या होकाराची वाट पाहत नाही.