लखन बरोबर पाखऱ्या

बीसीएच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघात मिळून एक होता, आन् नशिबानं माह्या जोडीले दिव्यानी आली. शहाणा पोट्टा असता तं अर्धं काम तिले देता. मी म्हणलं, "तू टेन्शन नको घेऊ, सारं मी पाह्यतो." इम्प्रेशन मारायचं होतं ना! हा प्रोजेक्ट पास झाला तरच तिले नागपूरले एमसीएले जाता येत होतं. हे मले माहीत होतं, तरी अक्कल आली नाई.

विषय मीच काढला, शंकरपट. पडद्यावर बैलजोडी पळवायची. पयले 'बैल' नावाचा क्लास, म्हंजे साचा, बनवला. त्यातून जो बैल निंगन त्याले सोताची जागा आन् सोताचा वेग. 'सरक' म्हणलं का वेग जागेत मिळवायचा, बैल पुढं. पयला काढला पाखऱ्या. दुसरा काढाच्या वेळी मी विचार केला, आमच्या ब्रह्मपुरीकडं पटाच्या बैलाचं नाव कोणी एकेकटं घेते का? लखन म्हणलं का पाखऱ्या बरोबर असतेच. मंग लिहून टाकलं: लखन, बरोबरचं चिन्ह, पाखऱ्या. दिव्यानी म्हणे, "एकदा चालवून तं दाखव." मी म्हणलं, "परीक्षेतच पाह्य."

परीक्षेले बाहेरून आलेल्या सरांनं विचारलं, "काम कोणी कोणी केलं?"

मी छाती फुगवून म्हणलं, "सारं मीच, सर. इनं हात बी नाई लावला."

दिव्यानीनं माह्याकडं असं पाह्यलं का मले वाटलं, खूश झाली.

बटन दाबलं. पडद्यावर एकच बैल! आन् तो जो सुटला, तो मी सांगतलं त्याच्या दुप्पट वेगानं पडद्याबाहेर.

"दुसरा कुठी आहे?" सर म्हणे.

"पाखऱ्याच्या आडोशाले आहे, सर."

"आन् हा एवढा काऊन पळते?"

"पटाचा आहे, सर."

सर हासले नाई. "दुरुस्त कर," म्हणे. मी इथी खोडलं, तिथी खोडलं, तं पाखऱ्या बी गायब. आपल्यापायी इचं नागपूर बुडते, हे तवा कुठी डोक्यात शिरलं, आन् खरंच रडू आलं.

"हो बाजूले," दिव्यानी म्हणे. तिनं खोडलेलं परत आणलं, एक ओळ बदलली आन् साच्यातून लखन नवा काढला. "सर, यानं बैल एकच बनवला आन् नावं दोन ठेवली. दोन्ही नावाले सरक म्हणलं का तोच बिचारा दोन खेपा सरके."

जोडी खांद्याले खांदा लावून पळाली. सरांनं तिले पास केलं. मले म्हणे, "तू पुढच्या वेळी ये."

स्टँडवर मी तिच्या मागं मागं गेलो. म्हणलं, "माफ कर वं. मले तुले खूश कराचं होतं."

"अबे, मले प्रोजेक्ट कराचा होता," ती म्हणे. "तू विचारलंच नाई."

लय वाईट वाटलं. जीप भरली, ती बसली आन् गेली.