दोन किल्ल्यांचं कुलूप

मी कुलूप बोलतोय. थांबा, आणखी जवळ येऊ नका. आधी हात दिसतील असे ठेवा. तुमचा माझ्यावर डोळा आहे असं मी म्हणत नाही; पण नाही असंही म्हणत नाही. चेहऱ्यानं तुम्ही साळसूद दिसता, आणि साळसूद चेहरे मी पुष्कळ पाहिलेत.

रागावू नका. संशय हा माझा धंदाच आहे. शिंप्यानं माप घ्यावं, न्हाव्यानं केस कापावेत आणि कुलपानं संशय घ्यावा. कारखान्यात माझ्या पोटात लिव्हरच्या पितळी पट्ट्या बसवल्या, पाठीवर शिक्का उठवला आणि कडीत दोन किल्ल्या ओवून मला खोक्यात टाकलं. दोन किल्ल्या! तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. राखायचं दार एक, मग किल्ल्या दोन कशाला? दुसरी कुणासाठी? पण मला विचारतो कोण!

माझे पहिले मालक घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांना मी मामा म्हणतो, कारण पुढे ज्या मुलीच्या हाती मी पडलो तिचे ते मामा. दुकानाच्या मागच्या दाराला त्यांनी मला लावलं. संध्याकाळी दुकान बंद केलं की मला एकदा ओढून बघायचे. चार पावलं जायचे, परत यायचे, पुन्हा ओढायचे. "लागलंय ना रे?" असं मलाच विचारायचे. शेजारचे दुकानदार हसायचे. मला मात्र धन्य वाटायचं. स्वतःच्या हातावरही भरवसा न ठेवणारा माणूस, असा मालक भाग्यानंच मिळतो.

मग मागच्या दाराला शटर आलं. शटरला त्याचं स्वतःचं कुलूप. माझी रवानगी ड्रॉवरमध्ये झाली, तुटक्या पट्ट्यांच्या आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या संगतीत. अंगावर गंज चढला. त्यातलं एक बंद घड्याळ मधूनच टिकटिक करायचं. ते कुणाला खुणा करत होतं, याचा मला आजवर उलगडा झालेला नाही.

एके दिवशी ड्रॉवर उघडला. "हे घे बाळ," मामा म्हणाले, "जुनं आहे, पण पक्कं आहे. तेल घातलं की झालं." समोर त्यांची भाची उभी होती. तिनं मला हातात घेतलं, दाबून बंद केलं आणि लगेच ओढून बघितलं. एकदा नाही, दोनदा. मी मनात म्हटलं, हिच्याशी आपलं जमणार.

ही मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजात तिला सगळे खारूताई म्हणायचे, कारण जे मिळेल ते ती दडवून ठेवायची. कटरची पाती, पेन्सिलींचे तुकडे, दुसऱ्यांनी फेकलेले पुठ्ठे, काहीही. त्यांचा वर्ग म्हणजे एक लांबलचक हॉल होता. मध्ये टेबलं, एका बाजूला खिडक्या, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकलेली लोखंडी कपाटं. कॉलेजचा नियम असा की एक कपाट दोघांत. खारूताईच्या जोडीला होती लंबू. ही तिची मैत्रीण. उंच, हातपाय टेबलाबाहेर आलेले, आणि बोलताना सारखी हसणारी. मला सारखी हसणारी माणसं आवडत नाहीत. हसण्यासारखं असतं काय एवढं?

तर माझी एक किल्ली खारूताईकडे गेली आणि दुसरी या लंबूकडे. कॉलेज संपलं की दोघी मिळून एक खोली घेणार होत्या आणि आर्किटेक्ट लोकांना मॉडेल करून देण्याचं काम सुरू करणार होत्या. लंबू तर खोलीत टेबल कुठे ठेवायचं, यावरून आत्तापासून भांडायची. मी सगळं ऐकत होतो आणि म्हणत होतो, बघू.

खारूताईचं शेवटचं प्रोजेक्ट होतं बसस्थानकाचं. तिचे बाबा लांब पल्ल्याच्या गाडीवर ड्रायव्हर. मुक्कामाच्या ठिकाणी विश्रांतीच्या खोलीत ते झोपले असताना कुणीतरी त्यांची पिशवी उचलून नेली होती, अगदी उशाखालून. तेव्हापासून बाबा परगावी गेले की पिशवीचा पट्टा मनगटाला गुंडाळून झोपायचे. म्हणून हिनं ठरवलं की आपल्या बसस्थानकात ड्रायव्हर-कंडक्टरांसाठी अशा खोल्या करायच्या की आत मुंगी शिरणार नाही. जाड भिंती, एकच दार, आणि छताजवळ हातभर खिडकी.

"खिडक्या फारच लहान नाहीत का?" सरांनी विचारलं होतं.

"मोठ्या केल्या की चोऱ्या होतात, सर," ती म्हणाली. शाब्बास! मी कपाटावरच एकदा खणकन वाजलो.

या बसस्थानकाला एक लांब, कमानदार छप्पर होतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या ओल्या करून साच्यावर वाकवायच्या आणि गोंदानं थरावर थर चिकटवायचे, असं ते काम. रोज सकाळी एक थर चढायचा. थर झाला की खारूताई मॉडेल कपाटात ठेवायची, मला लावायची, ओढून बघायची, आणि मग वाचनालयात नाहीतर सरांकडे जायची.

पहिल्याच आठवड्यात लंबू म्हणाली, "अगं, ओलं असताना कोंडू नकोस. कपाट दुपारी तव्यासारखं तापतं. छप्पर वाकडं होईल."

"माझं मॉडेल आहे, मी बघीन," खारूताई म्हणाली. "आणि हे बघ, त्याला कुणी हात लावलेला मला चालणार नाही. कुणी म्हणजे कुणीही."

"बरं बाई," लंबू म्हणाली आणि हसली. ते हसणं मी लक्षात ठेवलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी, खारूताई नसताना, लंबू आली. इकडेतिकडे बघितलं. माझ्या पोटात किल्ली घातली. मी होता होईल तेवढा अडकून बसलो, पण किल्लीपुढे कुणाचं चालतं? तिनं मॉडेल उचललं, वर फडकं टाकलं आणि चोरपावलांनी पार खिडकीकडे घेऊन गेली. तिथे तिची पाठ माझ्याकडे. काय करत होती, दिसेना. बऱ्याच वेळानं मॉडेल जसंच्या तसं आणून ठेवलं आणि मला लावून गेली.

मग हे रोजचंच झालं. खारूताई गेली की ही हजर. माझी खात्री पटली. नक्कल करत असणार! नाहीतर एखादा खांब सैल करून ठेवत असणार, ऐन परीक्षेत कोसळावा म्हणून. कुलपाला तोंड असतं तर मी हॉलभर बोंब ठोकली असती. तोंड नसल्यानं मला जे करता येतं ते मी केलं. एका दुपारी लंबूनं मला दाबलं तेव्हा मी पुरता लागलोच नाही. दांडी अर्धवट बाहेर ठेवून लोंबकळत राहिलो.

खारूताई परत आली आणि मला तसं पाहून पांढरीफटक पडली. मॉडेल काढून तिनं सगळीकडून तपासलं. छपराच्या कडेला बोटाचा ठसा होता, गोंदात उमटलेला.

"लंबू, तू माझ्या मॉडेलला हात लावलास?"

लंबूनं हातातला कटर खाली ठेवला. मग म्हणाली, "लावला. पण ऐक ना जरा..."

"काय ऐकू? नको म्हटलं होतं ना मी? मी नसताना कपाट उघडतेस, सगळं बघतेस! कशासाठी?"

"कशासाठी असेल असं वाटतं तुला?"

"मला काही वाटायचं नाहीये. किल्ली दे."

हॉलमधले सगळे बघायला लागले. लंबू तेव्हा हसत नव्हती. तिनं जुडग्यातून किल्ली सोडवली, टेबलावर ठेवली, कपाटातलं आपलं सामान छातीशी धरलं आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. खोली घ्यायची, टेबल कुठे ठेवायचं, हे सगळं तिथेच बंद पडलं. आणि मला विचाराल तर मला आनंद झाला. दोन्ही किल्ल्या एकाच हातात! मामांच्या दुकानानंतर पहिल्यांदाच मी पुरता कुलूप झालो होतो.

खारूताईनं शेवटचा थर चढवला, त्यावर रंगाचा हात मारला, छप्पर खांबांवर चिकटवलं आणि मॉडेल आत ठेवलं. दोन दिवस सुट्टी होती, ती घरी गेली. जाताना तिनं मला इतक्या वेळा ओढलं की मामांची आठवण झाली. ते दोन दिवस मी डोळ्यांत तेल घालून पहारा केला. ऊन बाहेरून भिंतीवर आलं, कपाट तापलं, आतून काहीतरी करकरलं. मी दुर्लक्ष केलं. आतल्या गोष्टींशी मला काय करायचंय? माझं काम बाहेरच्यांना अडवायचं. आणि कुणी फिरकलंसुद्धा नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी ती आली. मला उघडलं, दार ओढलं, आणि तिथेच जमिनीवर बसली. छपराचं एक टोक वर उचललं गेलं होतं, दुसरं पिळवटलं होतं, आणि त्याच्या ओढीनं दोन खांब उपटून निघाले होते. मला कळेचना. कुणी शिरलं कुठून? मी तर लागलेलो होतो!

तिनं उपटलेले खांब उचलून कपाटात ठेवले. मग उठली आणि मला मुठीत घट्ट धरून हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेली. लंबू मान खाली घालून आपलं मॉडेल चिकटवत होती.

"लंबू..."

"बोल."

"माझं छप्पर..."

"वाकलं ना?" लंबूनं मान वर केली. "रोज दुपारी खिडकीत सावलीला ठेवायचे मी. छप्पर काढून खालची बाजू वर करायचे, वजन ठेवायचे. तुला सांगितलं असतं तर तू हात लावू दिला नसतास."

खारूताईला रडू फुटलं. "चुकलं गं माझं. मला वाटलं..."

"तुला काय वाटलं ते सगळ्या हॉलनं ऐकलंय. मला फार लागलं ते. चोर ठरवलंस तू मला." लंबूचेही डोळे भरले होते. तिनं बाहीनं नाक पुसलं. "बरं, आता रडून छप्पर सरळ व्हायचं नाही. जा, टॉवेल ओला करून आण."

आपलं काम तसंच अर्धवट टाकून ती उठली. मला अजूनही तिचा भरवसा वाटत नव्हता. स्वतःची परीक्षा उद्यावर आलेली असताना दुसऱ्याचं छप्पर सरळ करायला कोण उठतं? यात नक्कीच काहीतरी असणार, असं मी म्हणत राहिलो. पण दिवसभर शोधूनही मला ते सापडलं नाही.

खिडकीजवळच्या टेबलावर छप्पर खांबांवरून सोडवून उपडं ठेवलं. ओल्या टॉवेलनं मऊ केलं, साच्यावर बसवलं, वर जाड पुस्तकं रचली. तरीही एक टोक वर येतच होतं. लंबूनं इकडेतिकडे बघितलं आणि खारूताईच्या मुठीतून मला काढून त्या टोकावर ठेवलं. वजन म्हणून! पक्क्या लिव्हरच्या कुलपाला वजन म्हणून! अपमानानं मी तापलो, पण जागचा हललो मात्र नाही.

छप्पर वाळेपर्यंत दोघी खांब चिकटवत बसल्या. मध्येच लंबू वाकून त्या विश्रांतीच्या खोल्यांकडे बघायला लागली.

"तुझे बाबा इथे झोपणार?"

"हो."

"अगं, हे तर आपलं कपाट आहे."

खारूताई मॉडेलमधल्या त्या हातभर खिडकीकडे बघत राहिली. मग तिनं कटर घेतला आणि भिंत कापली. एकेका खोलीला ऐसपैस खिडकी केली, आणि काडीपेटीच्या काड्यांचे गज बसवले. गज बघून मला जरा धीर आला. संध्याकाळी हॉल बंद व्हायच्या आत तिनं लंबूच्या मॉडेलचं उरलेलं कामही हाती घेतलं, आणि ते झाल्यावरच दोघी घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांसमोर कागद उडू नयेत म्हणून मी कोपऱ्यावर बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. परीक्षक बाईंनी विचारलं, "छप्पर या टोकाला किंचित वाकडं आहे का हो?"

"आहे," खारूताई म्हणाली. "ओलं असताना मी ते कोंडून ठेवलं होतं. जेवढं सरळ आहे, तेवढं मैत्रिणीमुळे आहे."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग खिडक्या पाहिल्या, आणि मान डोलावली. दोघीही पास झाल्या.

आता मी त्यांच्या भाड्याच्या खोलीत असतो. टेबल कुठे ठेवायचं यावरून त्यांनी खरंच भांडण केलं आणि शेवटी टेबल खिडकीशी लागलं. दाराला नवं कुलूप आहे. गुळगुळीत आणि गप्प. माझं त्याच्याबद्दलचं मत मी राखून ठेवलंय. माझ्या दोन्ही किल्ल्या एकाच दोऱ्यात बांधून खिळ्याला टांगल्यात आणि मी उघडाच, ओल्या गोंदाच्या कामांवर वजन म्हणून बसतो. खिडकी दिवसभर उघडी असते. कुणीही हात घालू शकेल, असं मी रोज म्हणतो. अजून कुणी घातलेला नाही. लंबू अजूनही सारखी हसते, आणि मी अजूनही तिच्यावर लक्ष ठेवून आहे. सवय जात नाही.

तुम्ही आता निघा. घरी गेलात की तुमच्या कुलपाला माझा नमस्कार सांगा. त्याला लावा, ओढून बघा, चार पावलं जाऊन परत या आणि पुन्हा ओढा. मी नाही म्हणणार नाही. फक्त लावायच्या आधी एकदा, आत काही ओलं राहिलं नाही ना, तेवढं बघत जा.