कुकरमधली माती

तात्यांचा खरा विश्वास कोणावर असेल, तर तो उकळत्या पाण्यावर. उभा जन्म इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात चिमटे, कात्र्या आणि सुया निर्जंतुक करण्यात गेला. निवृत्तीनंतर ती सवय त्यांच्यासोबत घरी आली आणि तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या जात, कोथिंबीर मिठाच्या पाण्यात बुचकळली जाई, आणि गच्चीतल्या कुंड्यांत जी माती पडायची ती आधी जुन्या कुकरमध्ये शिजायची. होय, शिजायची. शिट्ट्या होऊन घरभर ओल्या मातीचा वास सुटला की मुलगा गंधार विचारी, आज जेवायला माती आहे का? तात्या हसत नसत. थिएटरात हसायचं नसतं.

सून तनया मात्र पोट धरून हसायची. ते राहत त्या भिवंडीतल्याच एका ज्युनिअर कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि या तऱ्हेवाईक सासऱ्यांवर तिचा भारी जीव. म्हणूनच प्रशिक्षणासाठी पुण्याला जाताना तिने आपली बकुळ त्यांच्या हवाली केली.

बकुळ म्हणजे जेमतेम वीतभर रोप. भिवंडीबाहेर अंबाडी गावाजवळ तनयाचं माहेर होतं. होतं म्हणायचं, कारण आता तिथे गोदाम उभं आहे. आईवडील भावाकडे नाशिकला गेले आणि अंगणातली जुनी बकुळ जेसीबीखाली गेली. त्याआधी झाडाखाली आपसूक उगवलेलं हे रोप तनयाने मातीसकट उचलून आणलं होतं. माहेर म्हणून तिच्यापाशी एवढंच उरलं होतं, आणि हे तात्यांना पुरतं ठाऊक होतं.

ठाऊक होतं म्हणूनच घोळ झाला. एका सकाळी पाणी घालताना त्यांना मातीत पांढुरकी बुरशी दिसली. सुनेचं माहेर आपल्या देखरेखीत बुरशीने खाल्लं तर तोंड कसं दाखवायचं? त्यांनी रोप उपटलं, मुळं नळाखाली लख्ख होईतो धुतली, बुरशीनाशकात बुडवली आणि कुकरमधून काढून गार केलेल्या मातीत लावली. इतक्या लाडाने त्यांनी गंधारलाही कधी न्हाऊ घातलं नव्हतं.

तनया परतली तेव्हा रोप उभं होतं, पण वाढायचं नाव घेईना. पावसाळा सरत आला, बाकीची झाडं फोफावली, हिची पानं मात्र खालून पिवळी पडून गळायला लागली. शेवटी तनयाने तात्यांना विचारलं, मी नसताना हिला काही केलं होतं का? तात्यांनी मोठ्या अभिमानाने सगळी शस्त्रक्रिया वर्णन करून सांगितली.

तनया गच्चीच्या पायरीवर बसली. ती रागावली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं. ती नुसती रोपाकडे बघत राहिली, मग हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दिसली ती बुरशी बिनकामाची होती, तात्या. कामाची असते ती डोळ्यांना दिसतच नाही."

मग तिने त्यांना वर्गात सांगावं तसं समजावलं. केसाहून बारीक धागे मुळाच्या आत शिरतात आणि बाहेर मातीत लांबवर पसरतात. मुळाचा हात पोचत नाही तिथलं पाणी आणि स्फुरद ते आणून देतात, आणि झाड पानांत तयार केलेल्या साखरेचा वाटा त्यांना देतं. खालच्या गल्लीत कापड विणणारे लूम खडखडत होते. धाग्यावाचून काय अडतं हे भिवंडीच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. आपण धुऊन टाकली ती त्या रोपाची माणसं होती, हे तात्यांना कळलं आणि त्यांचा चेहरा पडला.

आता उपाय काय, असं त्यांनी विचारलं. दिघाशी गावच्या एका विद्यार्थिनीच्या शेतातली माती आणते, तनया म्हणाली, पण जाळं नव्याने विणलं जाईतो रोप तग धरेल का, सांगता येत नाही. त्यापेक्षा एखाद्या जुन्या, कधी न हलवलेल्या झाडाच्या मुळांशेजारी लावलं, तर तयार जाळ्यात लवकर सामावेल. एवढं बोलून तिने जीभ चावली, कारण गच्चीत असं झाड एकच होतं.

तो माधवीबाईंचा मोगरा. तात्यांच्या पत्नीने स्वतःच्या हातांनी भरलेली मोठी कुंडी. बाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या मातीला कुकर दिसला नव्हता आणि तिला कोणी बोट लावलेलंही तात्यांना खपत नसे. गंधारने एकदा खत घालायला खुरपी नेली, तर बापलेकांत आठवडाभर अबोला होता. शेतातली माती पुरेल हो, असं तनया घाईघाईने म्हणाली.

तात्या आतून खुरपी घेऊन आले, मोगऱ्यापाशी मांडी घालून बसले आणि खणायला लागले. एक मूळ तुटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मग बकुळ त्या खड्ड्यात ठेवली आणि माती हातानेच दाबली.

बकुळीने तग धरला. दिवाळीच्या सुमारास तिला कोवळी, चकचकीत पानं फुटली, आणि तात्या येणाऱ्याजाणाऱ्याला गच्चीत नेऊन ती दाखवू लागले. तनयाला आनंद झाला, पण तिच्या मनाला वेगळीच टोचणी लागली होती. उन्हाळ्याआधी बकुळ दुसऱ्या कुंडीत हलवू या, असं तिने एका संध्याकाळी सुचवलं.

"ती मोठी होणार, तात्या," ती म्हणाली. "आईंच्या मोगऱ्याला जागाच उरायची नाही."

तात्या वाळकी पानं वेचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तिला मुलगी हवी होती," ते म्हणाले. "गंधार झाला तेव्हा रुसली होती माझ्यावर. राहू दे इथेच. ती करेल जागा."

तनया त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्यासोबत वाळकी पानं वेचू लागली.