कडेची शेळी

“आसाराम वारला म्हणे उसाच्या फडावर, अन् तरी त्याचा डाव इथं...” मालनबाई एवढंच बोलली आणि तिची परभणीची गाडी लागली. भाजीचं गाठोडं उचलून ती पळाली. उरलेलं वाक्य माझ्यापाशीच राहिलं.

मी पालमच्या एसटी थांब्यावरची फरशी बोलतेय. माझ्यावर कुणी टेकलं की त्याच्या घरातलं सगळं मला कळतं. सवयच तशी लागली, काय करू? शहाबादेकडच्या खाणीतून ट्रकात आले, थांब्याच्या ओट्यावर बसवली मला. मग कुण्या रिकामटेकड्यानं छिन्नीनं माझ्या अंगावर वाघ-शेळीच्या रेघा कोरल्या. चिंचोके म्हणजे शेळ्या, विटेचे दोन तुकडे म्हणजे वाघ. शेळ्यांनी वाघ कोंडायचे.

पण इथं नुसतं खेळत नसत. कुणीतरी अर्धा डाव मांडून ठेवी आणि पाटीवर लिही, ‘शेळ्यांची पाळी. नऊ चालींत वाघ कोंडा.’ वर टोपली पालथी. गाडीची वाट बघणारा टोपली उचली, डोकं खाजवी, सगळं पुन्हा जागच्या जागी ठेवी आणि पाटीवर शेरा लिही. कंडक्टर तोच डाव कागदावर उतरवून देवगाव फाट्यापर्यंत नेत, तिथल्यांचे शेरे घेऊन येत.

शेऱ्यांचे नियम दिनकरराव गुरुजींनी घातलेले. शाळेतून निवृत्त झाले तरी सवय जाते का! आधी आपण कुठं अडकलो ते लिहायचं, मग खोड काढायची. आणि सुचवणाऱ्यानं चिंचोक्याला हात लावायचा नाही. पटलं तर मांडणाराच बदलेल.

आसाराम ऊसतोडीला जाणारा. लय लाजरा. डाव मांडताना त्याचं बोट थरथरायचं, ते मलाच ठाऊक. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या दिवाळीत, टोळीबरोबर निघायच्या दिवशी, त्यानं महिनाभर डोक्यात घोळवलेला डाव मांडला. गुरुजी घरून चिडून आले होते. चार चाली केल्या, वाघ निसटला, आणि आपलाच नियम विसरून त्यांनी लिहिलं, ‘डावात दम नाही. वेळ फुकट.’

आसारामनं वाचलं. “बरं हाय, गुरुजी. पुन्ना न्हाई मांडणार,” म्हणाला आणि ट्रकात चढला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी टोपली उचलली, ती दुपारपर्यंत खाली ठेवलीच नाही. मग धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली आणि सावकाश लिहिलं, ‘आसाराम, पाचव्या चालीला मी अडकलो. एवढा डाव माझ्याच्यानं मांडून झाला नसता. एकच फट आहे. कडेची शेळी एक घर आत घे.’

“एवढं कळायलंय तर सरकवा की तुमीच!” मालनबाई म्हणाली.

“माझा डाव न्हाई तो, बाई.” गुरुजींनी टोपली पालथी घातली, वर दगड ठेवला.

संक्रांत आली. विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला, बंदोबस्त लागला, गाड्या बंद. आसारामचं पत्र नाही. गाड्या सुरू झाल्या तेव्हा एका ड्रायव्हरनं सांगितलं, टोळीत तापाची साथ हाय, दोघं गेले. कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. आसारामची आई वच्छलाबाई रोज माझ्यावर येऊन बसू लागली. शेजारी गुरुजी.

“शेवटचं मी त्याला काय लिहिलं, तुमाला माहीत न्हाई,” एकदा ते म्हणाले.

“माहीत हाय,” ती म्हणाली. “जाताना सांगून गेला.”

अशाच एका भर दुपारी ओट्यावर चिटपाखरू नव्हतं. टोपली, वर दगड. आणि एकाएकी कडेच्या घरावर मला चटका बसला. टोपलीखाली ऊन कुठलं? बोटाच्या टोकाएवढाच चटका, पण बोटाचं वजन नाही. चिंचोका सरकला. थांबला. पुन्हा सरकला. जे काही होतं, ते थरथरत होतं.

गुरुजींनी येऊन टोपली उचलली आणि कडेचं रिकामं घर बोटानं चाचपलं.

“भूकंपाचा हादरा असंल,” पुटपुटले.

“हादऱ्यानं एकच शेळी हलती व्हय? अन् ती बी बरुबर त्याच घरात?” मालनबाई दोन पावलं मागं सरली.

वच्छलाबाई रडली नाही. माझ्यावर तळहात ठेवून बसली. “गरम हाय,” एवढंच म्हणाली.

त्याच दिवसापासून ती वदंता पसरली: आसाराम वारला, आणि शेळी हलवायला येऊन गेला.

पाडव्याच्या आधी टोळी परतली. ट्रकातून सगळ्यात शेवटी आसाराम उतरला, काठी टेकत, निम्मा झालेला. मालनबाईच्या हातातली मेथीची जुडीच पडली. आईनं त्याचं तोंड कुरवाळलं. तो पाटीकडं न बघताच बोलला.

“गुरुजी, कडेची शेळी आत घेतली व्हती ना मी?”

पाटी तो गेल्यावर लिहिलेली. गुरुजी पुढं सरले. “कधी रे?”

“तापात व्हतो. समदे म्हणले, मी गेलोच व्हतो. दुपार व्हती.” त्यानं माझ्यावर बोट टेकवलं. “ही फरशी तेवढी ध्यानात हाय. लय गार लागली.”

गुरुजींनी टोपली बाजूला केली आणि खेळायला बसले. नऊ चाली, पुन्हा नऊ चाली. डाव सुटला तेव्हा घामाघूम झाले होते. “पाचव्या चालीला अडकलो बघ,” ते म्हणाले, “अन् सातव्याला पुन्हा.” आसारामनं मान खाली घातली, हसला असावा. मग खिशातून चिंचोके काढून नवा डाव मांडू लागला.

आता नवा थांबा झालाय. मी चहाच्या हॉटेलाबाहेर, पाण्याच्या टाकीखाली. रेघा बुजत चालल्यात. पण कुणी काही मांडून तुमच्यापुढं ठेवलं, तर आधी कुठं अडकलात ते सांगा, बाबांनो. तो माणूस निघून गेल्यावर सांगायला लागू नये.

लोक अजून विचारतात, मेलेल्या आसारामनं शेळी हलवली, ते खरं का हो? निम्मं. आसाराम मेला नव्हता.