डिस्कवरची कबुली

दुपारचे अडीच वाजले होते आणि टीव्हीच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तोच प्रश्न उमटला होता: 'डिस्क वाचता येत नाही. फॉरमॅट करायची का?' खाली दोन चौकोन, 'हो' आणि 'नाही'. सूनबाई रिमोट हातात धरून उभी होती. पलंगावर उशांना टेकून बसलेले मामंजी म्हणाले, "नाही."

"नाहीच दाबते, मामंजी," ती म्हणाली, आणि दाबलं.

पक्षाघातानं मामंजींचं उजवं अंग नेलं आणि त्याबरोबर वाचाही नेली, त्याला सात महिने झाले होते. ज्या माणसानं चाळीस वर्षं दर आठवड्याला भरल्या सभागृहात गात गात निरूपण केलं, ज्यानं तोंड उघडलं की रडतं मूलसुद्धा गप्प व्हायचं, त्याच्याजवळ देवानं हा एवढा एकच शब्द ठेवला होता. पाणी हवं असलं तरी नाही, नको असलं तरी नाही. घरातली माणसं त्यांच्या डोळ्यांकडे बघून अर्थ लावत आणि निम्म्या वेळा चुकत.

आज चार वाजता डफवाला यायचा होता. मामंजींच्या डाव्या हाताला बसून त्यानं एकतीस वर्षं साथ केली होती. मामंजींनी ओळ टाकावी आणि त्यानं ती वरच्या वर झेलावी, असा तो जोडा होता. मग आठ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मामंजी संसाराच्या नश्वरतेवर बोलत होते. सभा जरा सुस्तावली होती. तिला जागं करायला त्यांनी डफवाल्याकडे हात केला आणि म्हणाले, "ह्याचंच बघा. घरी ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून तुमच्यासमोर बडवत बसतो." डफवाल्याची बायको त्याच महिन्यात घर सोडून गेली होती आणि सभेतल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सभागृह खदखदून हसलं. डफवाल्यानं डफ खाली ठेवला, उठला, आणि पुन्हा त्या दारातून आत आला नाही. डफही न्यायला आला नाही. आता तो कायमचा मुलीकडे दूरच्या गावी निघाला होता. परवा निरोप आला, जाता जाता माझी वस्तू घेऊन जाईन.

निरोप ऐकल्यापासून मामंजींनी डाव्या हातानं कपाट दाखवायला सुरुवात केली. सूनबाईनं औषधं काढली, शाल काढली, चष्मा काढला. सगळ्याला "नाही." शेवटी हार्ड डिस्क काढली तेव्हा हात खाली आला. शाळेचं ग्रंथालय सांभाळणारी बाई ती. सासऱ्यांच्या साऱ्या कॅसेटी तिनंच त्या डिस्कवर उतरवल्या होत्या आणि वहीत तारीखवार यादी केली होती. मामंजींनी वहीत एका तारखेवर बोट ठेवलं. डफवाला गेला, त्याच्या पुढच्या महिन्यातली तारीख. मग तिला सासूबाईंचे शब्द आठवले. "ह्यांनी भर सभेत चूक कबूल केली गं," त्या सांगायच्या. "ज्यानं ऐकायचं, तोच तेवढा नव्हता."

तेव्हा मागणं सरळ होतं. मामंजींना माफी मागायची होती, आणि मागायला तोंड उरलं नव्हतं. तोंड त्या काळ्या डबीत होतं. सूनबाईनं ते निरूपण स्वतः कधी ऐकलं नव्हतं. कॅसेट उतरवताना ती आवाज बंद ठेवून भाकऱ्या थापायची. घरातला संगणक मागच्या वर्षी कायमचा झोपला होता. उरला होता तो टीव्हीखालचा, नवऱ्यानं हौसेनं आणलेला मीडिया बॉक्स, आणि नवरा दिवसपाळीवर होता.

तिनं डिस्क काढून पुन्हा लावली. डिस्कचा दिवा लागला, आतून टकटक झाली, दिवा विझला. पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न. तिनं बॉक्स विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, 'हो' दाबू नका," तो म्हणाला. "दाबलंत की पाटी कोरी. मग माझ्या नावानं खडे फोडाल."

"नाही दाबलं. पण चालत का नाही?"

"टकटक वाजते म्हणजे आतून गेली असेल. आणून टाका, दोन दिवसांत सांगतो."

"मला चार वाजता हवी आहे."

"मग देवालाच फोन लावा. आत आहे काय एवढं?"

"माणसाचा आवाज आहे."

"तो तर माणसाकडे असतोच की हो."

"ह्यांच्याकडे नाहीये आता."

दुकानदार हलक्या आवाजात म्हणाला, "ओढाताण करू नका तिची. हळू हाताळा." आणि त्यानं फोन ठेवला.

सूनबाईनं बॉक्स बंद करून चालू केला. वायर फुंकून लावली. मनातल्या मनात नामस्मरण करून लावली. दर वेळी मामंजी मान पुढे काढून बघत आणि दर वेळी मान उशीवर परत जाई. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. तिनं तो पुसला आणि घड्याळाकडे बघायचं टाळलं.

डफवाला पावणेचारालाच आला. वाळून काटकी झाला होता, पण पाठ ताठ होती. दारातच थांबला.

"आत या ना, काका."

"नको. गाडी आहे संध्याकाळची. वस्तू दे फक्त."

तिनं माळ्यावरून उतरवून ठेवलेला डफ आणला. त्यानं खोळ काढली, बोटानं कातडं दाबलं, आणि न राहवून आत पलंगाकडे नजर टाकली. मग दोन पावलं आत आला.

"काय बुवा," तो म्हणाला.

"नाही," मामंजी म्हणाले.

"ऐकलं होतं मी, एवढंच येतं म्हणून. आठ वर्षांपूर्वी हाच शब्द स्वतःच्या जिभेला म्हणाला असतास तर बरं झालं असतं."

मामंजींनी डोळे मिटून घेतले. सूनबाई मध्ये पडली. "काका, पाच मिनिटं बसा. तुम्हाला एक निरूपण ऐकवायचंय."

"एकतीस वर्षं ऐकलीत, पोरी, आणि सगळ्यांत जवळून. कान भरलेत माझे."

"हे तुम्ही गेल्यावरचं आहे. ह्यात त्यांनी तुमची माफी मागितली आहे. आता त्यांना बोलता येत नाही, म्हणून हे ऐकवा म्हणतात. तारीख त्यांनीच दाखवली."

डफवाला खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला, उठायला सोपं जावं अशा बेतानं. "लाव."

तिनं वायर लावली. दिवा, टकटक, अंधार. 'फॉरमॅट करायची का?' लाजेनं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "दुपारपासून असंच करतेय. बिघडली आहे बहुतेक."

"थांब. पुन्हा लाव."

तिनं लावली. डफवाल्यानं मान तिरकी केली. पूर्वी मामंजींची ओळ सुटण्याआधी करायचा तशी.

"आणखी एकदा." तिनं आणखी एकदा लावली. "ही बिघडलेली नाही. चार मोजते, पाचव्याला उचल घेते आणि बसते. तिन्ही वेळा पाचव्यालाच. बिघडलेली वस्तू इतकी तालात राहत नाही, वेडीवाकडी वाजते. हिला दम पुरत नाहीये." त्यानं वाकून वायर हातात घेतली. वायरीच्या एका टोकाला दोन शेपट्या होत्या आणि दुसरी शेपटी रबरबँडनं गुंडाळून बांधलेली होती. "हिचे हातपाय कशाला बांधलेत?"

"संगणकाला एका शेपटीत भागायचं. दुसरी लोंबत राहायची, म्हणून—" सूनबाई बोलता बोलता थांबली. बॉक्स केवढा, संगणक केवढा. ह्याच्या भोकातून तेवढी वीज येतच नसणार. तिनं मोबाइलचा चार्जर पलंगाजवळच्या भिंतीला लावला, रबरबँड सोडला, आणि दुसरी शेपटी चार्जरमध्ये खोचली. दिवा लागला. टकटक झाली नाही; डिस्क आतल्या आत गुणगुणत फिरू लागली, आणि पडद्यावर तारखांची रांग खाली उतरत गेली.

"देव पावला," ती पुटपुटली. तिनं तारीख शोधली आणि बटण दाबलं.

आधी खोकल्याचे, पावलांचे आवाज. मग मामंजींचा आवाज आला. भरदार, गोल, खर्जातून वर चढणारा. सात महिन्यांनी तो घरात घुमला आणि सूनबाईच्या अंगावर काटा आला. ज्याचा तो आवाज, तो तोंड किंचित उघडं टाकून ऐकत होता. एक ओळ गाऊन झाली. जिथे डफ पडायचा तिथे नुसती पोकळी होती. डफवाल्याची बोटं गुडघ्यावर हलली आणि त्यानं ती मुठीत धरली.

"मंडळी," टीव्हीतले मामंजी म्हणाले, "ही पोकळी मी केली आहे. माझी जीभ घसरली. माझ्या सोबत्याच्या घरचं दुःख मी तुमच्यापुढे टाळ्यांसाठी मांडलं. चूक त्याची नाही, चूक माझी."

डफवाल्याची मूठ सैल झाली. तो खुर्चीत थोडा मागे सरकला.

"आणि शिक्षा बघा कशी," टीव्हीतला आवाज पुढे म्हणाला, आणि सूनबाईला त्या आवाजात हसू चढताना ऐकू आलं. "बायको सोडून गेली त्याला, आणि पोरका झालो मी!"

सभागृह फुटलं. हजार माणसं हसत होती, टाळ्या पिटत होती, आणि आपल्या माणसाला दाद मिळाल्याचं सुख मामंजींच्या पुढच्या हुंकारात स्वच्छ कळत होतं.

डफवाला उठला. त्याचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्यानं डफाला खोळ घातली आणि नाडी बांधू लागला. कबुलीच्या पोटात हे बसलेलं होतं आणि कोणालाच आठवलं नव्हतं. सासूबाईंना नाही, आणि पलंगावरच्या माणसाचा चेहरा सांगत होता, त्यालाही नाही.

"नाही," मामंजी म्हणाले. टीव्हीत हशा चालूच होता. "नाही, नाही!" त्यांनी डाव्या कुशीवर अंग लोटलं, पलंगाबाहेर हात टाकला, वायर हाताला लागली तशी ओढली. डिस्क जमिनीवर पडली. पडदा निळा झाला. मामंजी अर्धे पलंगाबाहेर लोंबकळत होते. सूनबाई धावली, पण डफवाला आधी पोचला. खांद्याला धरून त्यानं त्यांना उशीवर चढवलं, आणि हात काढून घेतला नाही.

डफवाल्यानं विचारलं, "ते हसणं लक्षात होतं तुझ्या?"

"नाही."

"नाही म्हणतोस की नुसतं तोंडातून येतंय?"

मामंजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. डफवाल्यानं ते पाहिलं आणि जरा विचार केला. पूर्वी निरूपणात मामंजी अडले की तोच खालून प्रश्न टाकायचा, उत्तराला वाट करून द्यायला. तसाच त्यानं आता टाकला, सावकाश, एकेक जागा धरून.

"मी गेल्यावर दुसरा डफवाला बसवलास?"

"नाही."

"त्या रात्री झोप लागली?"

"नाही."

"माझ्या दारापर्यंत यायचं धाडस झालं?"

"नाही." ह्यावेळी आवाज फाटला.

"हसले तेव्हा बरं वाटलं होतं ना? खरं सांग."

मामंजींचे ओठ हलले. तो एकच शब्द तोंडाशी आला असावा. त्यांनी दात आवळून तो आत धरला आणि मान खाली घातली. सात महिन्यांत त्यांना काही विचारलं आणि ते गप्प राहिले, असं पहिल्यांदाच झालं. सूनबाईनं पदराचं टोक तोंडाशी नेलं.

डफवाल्यानं खुर्ची ओढून पलंगाला भिडवली, डाव्या बाजूला, आणि बसला. "मग आता मी काय म्हणू? माफ केलं, असं म्हणू?"

"नाही," मामंजी म्हणाले.

तो नकार होता, की ती बिचारी जीभ होती, हे सूनबाईला कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही. डफवाल्यानं तो खराच धरला.

"बरं. नाही म्हणत," तो म्हणाला. मग डफाची खोळ सोडून त्यानं डफ सूनबाईकडे दिला. "कातडं सैल पडलंय. वाजवायचा तर थोडा शेक लागेल. आणि संध्याकाळच्या पुढची गाडी कधी आहे, तेवढं बघ."