तिसऱ्यांदा विचारल्यावर

नोव्हेंबरमधल्या पहिल्या तासाला वर्गात अकरा मुलं होती, नऊ खुर्च्या, कोळशाची एक शेगडी आणि खिडकीच्या सहा चौकटींत पाच काचा. सहाव्या चौकटीत पुठ्ठा. पुस्तिका सात आल्या होत्या. त्यांच्यावर 'व्यवसाय आणि नोकरीची पूर्वतयारी' असं छापलेलं होतं.

माझं शिक्षण भौतिकशास्त्रातलं. हा तास माझ्याकडे आला, कारण डोंगरातल्या आत-बाशी गावच्या या शाळेत वयानं मी सगळ्यांत लहान होते आणि माझ्याआधी पाच जणांनी नाही म्हणून टाकलं होतं. आठवड्यातून दोनदा, सगळे तास संपल्यावर. मुलं दमलेली, मीही दमलेली.

पहिला पाठ होता 'तुमचे तीन गुण लिहा'. वीस मिनिटांनी मी कागद गोळा केले. सहा कोरे. अदिलेतनं लिहिलं होतं, 'आईला विचारून सांगतो.' कुंदूझनं एकच ओळ लिहिली होती, 'लोक म्हणतात, मी वाईट नाही.'

"अगं, हे काय लिहिलंस?" मी विचारलं.

"स्वतःच कसं सांगायचं, एजे? शोभत नाही." बाईंना इथली मुलं एजे, म्हणजे ताई म्हणतात.

"मग कोण सांगणार?"

"ज्याला दिसेल तो सांगेल की."

मग मी पाठ बदलला. शेजारच्याचे गुण लिहा, म्हटलं. पाच मिनिटांत अकरा कागद भरले. दोघांनी मागची बाजूही वापरली.

कुंदूझसाठी हा नुसता तास नव्हता. मार्चमध्ये राजधानीतल्या, बिश्केकच्या एका हॉटेल-पर्यटन महाविद्यालयाचा माणूस मुलाखती घ्यायला येणार होता. आमच्या भागातल्या नऊ शाळांतून सहा जण निवडायचे. शिक्षण फुकट, वसतिगृह फुकट. यादीत नाव आलं नाही, तर जूनमध्ये मावशीबरोबर परदेशात, नोवोसिबिर्स्कला जायचं, तिथल्या कॅफेत भांडी घासायला. मावशीनं मालकाशी बोलूनही ठेवलं होतं.

आणि कुंदूझला काम येत होतं. दोन उन्हाळे तिनं वरच्या कुरणावर पर्यटकांचे तंबू सांभाळले होते. एकदा गारपिटीत दोन तंबू पडले, तेव्हा चौदा पाहुण्यांना तिनं तीन तंबूंत झोपवलं आणि सकाळी सगळ्यांना गरम पाव दिला. पण हे सांगताना ती म्हणायची, "आम्ही झोपवलं."

"आम्ही म्हणजे कोण कोण होतं?"

"मीच होते."

"मग 'मी' म्हण."

चार महिने आम्ही हेच केलं. तिनं 'आम्ही' म्हटलं की मी बोट वर करायची आणि ती वाक्य पुन्हा सुरू करायची. फेब्रुवारीत बोट वर करायची वेळ कमी येऊ लागली.

मुलाखती घ्यायला आलेले तलांत पस्तिशीचे, डोळे लाल झालेले. नऊ शाळांपैकी आमची आठवी. सकाळी खिंडीत त्यांची गाडी दोन तास अडकली होती. मी चहा पुढे केला.

"नको नको, राहू दे."

"घ्या हो, बायके," मी म्हणाले. बायके म्हणजे दादा. "गारठलात."

"कशाला त्रास?"

मी पेला हातातच दिला. मग ते दोन पेले प्यायले.

मला मागच्या बाकावर बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. कुंदूझची मुलाखत बारा मिनिटं चालली. मी वहीत खुणा करत होते. 'मी' चौदा वेळा, 'आम्ही' तीन वेळा. गारपिटीची गोष्ट तिनं अशी सांगितली, की तलांत लिहायचं थांबून ऐकत राहिले. शेवटी ते हसून म्हणाले, "छान. समज, तुला जागा दिली. येशील?"

कुंदूझनं मान खाली घातली. "नको सर, माझ्यापेक्षा चांगली मुलं असतील."

"म्हणजे तुला नकोय?"

"आधी त्यांना द्या."

तलांतनी कागदावर काहीतरी लिहिलं. "बरं. जा तू."

मी तिच्यामागोमाग बाहेर गेले. "कुंदूझ, नाही काय म्हणालीस?"

"दोनदाच तर विचारलं, एजे." ती खुशीत होती. "आता तिसऱ्यांदा विचारतील ना?"

तेवढ्यात दार उघडलं आणि आतून अदिलेतचं नाव पुकारलं गेलं. कुंदूझ दाराकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मी ज्या ज्या प्रश्नांची तयारी करून घेतली होती, त्यांत हा प्रश्न नव्हता.

अदिलेत नऊ मिनिटांत बाहेर आला. "मी तर पहिल्या फटक्यात हो म्हणालो. घरी कुणी सांगू नका, आजी मारेल."

बाकीच्या मुलाखती संपल्यावर मी तलांतना गाठलं. ते कागद पिशवीत भरत होते.

"बायके, त्या मुलीला अजून एकदा विचारा."

"कुठल्या?"

"गारपीटवाल्या. तिला यायचंय. तुम्हाला कळलं नाही असं म्हणू नका. मघाशी चहाला तुम्हीही दोनदा नको म्हणालात."

"आणि तिसऱ्यांदा घेतला." ते खुर्चीत बसले. "मला कळतं गं बाई. माझी आई अजून डॉक्टरलासुद्धा आधी नको म्हणते. पण चहाला फॉर्म नसतो. यात लिहिलंय, विचारा, उत्तर स्पष्ट नसेल तर एकदा पुन्हा विचारा. संपलं."

"मग सगळ्या अकरा जणांना पुन्हा विचारा."

"समज, विचारलं. आणि आधीच्या सात शाळांचं काय? तिथं दोनदाच विचारलंय. तू भौतिकशास्त्राची ना? अर्धी मापं घेऊन झाल्यावर पट्टी बदलशील?"

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

"नाही," मी म्हणाले.

"तेच." त्यांनी पिशवीची चेन ओढली. "पुढच्या वर्षी फॉर्म बदला म्हणून लिहून पाठव. मीही लिहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी."

मी त्याच दिवशी लिहून पाठवलं, दीड पान. पोच आली नाही. कुंदूझ उरलेल्या प्रत्येक तासाला आली आणि पुढच्या खुर्चीवर बसली.

एकोणीस एप्रिलला यादी शाळेच्या दारावर लागली. अदिलेत सहावा, शंभरपैकी चौऱ्याऐंशी. कुंदूझ सातवी, एक्क्याऐंशी. 'येण्याची इच्छा' या रकान्यात तिला दहापैकी शून्य होते.